अमेरिकेतला अ‍ॅम्प्लिफायर २३० व्होल्टवर लागला? आता या चुका टाळा

अमेरिकेहून परतताना हौसेने आणलेला गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर घरच्या सॉकेटला केवळ पिना बदलणारा अ‍ॅडॅप्टर लावून जोडला जातो, क्षणभर मोठी घरघर ऐकू येते आणि मग सगळे शांत होते. अ‍ॅडॅप्टरने पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. अमेरिकेतल्या १२० व्होल्टसाठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला आपले २३० व्होल्ट मिळाले की त्याचा गाभा संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही), प्रायमरीतला, म्हणजे मेन्सकडच्या वेटोळ्यातला, प्रवाह अनेक पटींनी वाढतो आणि फ्यूज उडतो. फ्यूज वेळेवर उडाला असेल, तर पुष्कळदा नुकसान इथपर्यंत थोडकेच असते. उरलेले आपण पुढच्या दहा मिनिटांत स्वतःच्या हाताने करतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नवा फ्यूज घालून, ‘बघू तरी’ म्हणून, त्याच सॉकेटवर पुन्हा बटण दाबणे. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे तर त्याहून वाईट, कारण मग वितळायला फ्यूज उरत नाही आणि ट्रान्सफॉर्मरची वेटोळी जळतात. मागे ११५/२३० असा निवडीचा स्विच असेल, तर तो आता सरकवल्याने झालेले नुकसान भरून निघत नाही. तपासणी करावीच लागते.

ही तपासणी प्लग काढून, मल्टिमीटरने सुरू करावी. प्रायमरीचा रोध काही ओहमांच्या घरात यायला हवा. तो अनंत दाखवत असेल, तर वेटोळे तुटले आहे किंवा आत दडवलेला, जास्त तापल्यावर तुटणारा थर्मल फ्यूज गेला आहे. काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मेन्सच्या दोन तारांमध्ये व्हॅरिस्टर नावाची छोटी चकती असते. जादा व्होल्टेज आल्यावर ती स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवते. म्हणजे मरता मरता बाकीचे यंत्र वाचवते. ती काळवंडलेली दिसली, तर आधी तिच्यावर संशय घ्यावा. त्यानंतर रेक्टिफायरचे (एसीचे डीसी करणाऱ्या भागाचे) डायोड, फुगलेले फिल्टर कपॅसिटर आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर किंवा आयसी पाहावेत.

व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, अ‍ॅम्प्लिफायर सवय नसलेल्याने उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टहून अधिक दाब साठून राहू शकतो. तो स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून घालवण्याची आपल्याकडची पद्धत घातक आहे. योग्य रोधातून तो रिकामा करावा आणि मीटरवर खात्री करावी.

दुरुस्तीनंतर थेट वीज देण्याऐवजी सिरीज लॅम्पचा बोर्ड वापरावा, म्हणजे वीज आधी एका दिव्यातून आणि मग अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाते; तोही २३० चे ११० व्होल्ट करणाऱ्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरच्या ११० व्होल्टच्या बाजूला जोडून. दिवा तारेचा हवा, एलईडी चालत नाही. आपला २३० व्होल्टचा दिवा ११० वर मुळातच मंद पेटतो, म्हणून आधी तो एकटा लावून त्याचा उजेड लक्षात ठेवावा. अ‍ॅम्प्लिफायर जोडल्यावर दिवा चमकून मंदावला तर ठीक; तेवढ्याच उजेडाने जळत राहिला, तर आत अजून शॉर्ट आहे.

स्टेप-डाउन घेताना हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर टाळावेत. त्यातल्या काहींतून वीज कापलेल्या लहरींनी बाहेर पडते, ती ट्रान्सफॉर्मरला मानवत नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर लिहिलेल्या वॅटच्या किमान दीडपट क्षमतेचा, लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर घ्यावा. मात्र त्याने विजेची वारंवारता बदलत नाही; अमेरिकेत ती ६० हर्ट्झ असते, आपल्याकडे ५०. त्यामुळे केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर इथे अधिक तापू शकतो. पहिले काही दिवस तासाभराने अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर किती गरम झाला आहे, ते पाहत राहावे.