वरून सुकलं म्हणजे सुकलं नव्हे

स्टेन्सिल, म्हणजे नक्षी कापलेला छाप, कुठली घ्यावी, हा नवख्यांचा पहिला प्रश्न असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: कुठलीही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रांगोळीचे प्लॅस्टिकचे छाप मिळतात, त्यांच्यावरही सुरुवात होते. महागड्या मायलार प्लॅस्टिकच्या स्टेन्सिलींनी फाइल गच्च भरली म्हणून हातात काम येत नाही. मी गोव्यात डिचोलीत घरूनच नावाच्या पाट्या, ट्रे, माखराच्या फळ्या अशी मिक्स्ड मीडियाची, म्हणजे रंग, पेस्ट, छाप सगळं एकत्र वापरायची, कामं करते. ऑर्डर घेताना आजही धाकधूक होते ती नक्षीची नव्हे, नक्षीखालच्या थराची.

ब्रश जवळजवळ कोरडा ठेवायचा, रंग आधी रद्दीवर टिपून घ्यायचा, ब्रश आडवा न ओढता उभा टेकवत जायचं, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. ते कुठल्याही व्हिडिओत कळतं. व्हिडिओत कळत नाही ती आपली हवा. करून दाखवणारी माणसं बहुतेक कोरड्या हवेतली असतात. त्यांचा 'अर्ध्या तासात कोरडं' हा हिशेब जुलै महिन्यात डिचोलीला लागू होत नाही.

आणि आपल्या ऑर्डरी येतात कधी? चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या तोंडावर. माखर, आरतीचं ताट, मूर्तीमागची फळी, दारावरची पाटी, सगळं ऑगस्ट-सप्टेंबरात हवं असतं. हवेतला दमटपणा ८०-९० टक्के, कपाटातल्या चपलांना बुरशी, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, परवा मिळेल ना?" माझ्या पहिल्या मोठ्या ऑर्डरीच्या वेळी फळी हाताला कोरडी ठणठणीत लागत होती. किनारीची मास्किंग टेप ओढली तर तिच्याबरोबर वरची निळी नक्षी, त्याखालचा पिवळा, त्याखालचा पांढरा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) असं सगळं उचकटून आलं आणि खाली नागडं एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, दिसलं.

हे का होतं ते जरा सविस्तर सांगते. कंटाळा आला तरी वाचा, कारण हे समजलं की निम्म्या अडचणी सुटतात. अ‍ॅक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण आणि रंगद्रव्य. पाणी उडतं तसे कण जवळ येतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा सलग पापुद्रा होतो. पण पाणी वरच्या बाजूने आधी उडतं. वर पातळ कातडी धरते आणि आतलं पाणी कोंडतं. उन्हात घातलेले सांडगे वरून कडक आणि आत ओले असतात, तसंच हे. हवा कोरडी असली तर कोंडलेलं पाणी हळूहळू बाहेर पडतं. हवेतच पाणी भरलेलं असलं तर त्याला जायला जागा नसते. पातळ थर आतून पक्का व्हायला पावसाळ्यात काही दिवस लागतात, टेक्स्चर पेस्टच्या (उठावाची नक्षी करायच्या दाट लगद्याच्या) जाड थराला कित्येक आठवडेही लागू शकतात. तोवर त्या थराची खालच्या थरावरची पकड कच्ची असते आणि चिकट मास्क, म्हणजे रंग लागू नये म्हणून जे झाकायला लावतो ते, ती सहज सोडवतो. नुसती स्टेन्सिल ठेवून रंग टेकवला तर बहुतेक वेळा निभावतं. टेप, स्टिकर, फवारून लावायचा तात्पुरता गोंद, म्हणजे जे जे चिकटतं, ते सगळं घात करतं.

म्हणून थर तयार आहे का ते बोटांना विचारू नका. हाताचा पालथा भाग किंवा गाल लावा. फळी कोपऱ्यात ठेवलेल्या दुसऱ्या कोऱ्या फळीपेक्षा गार लागली तर पाणी अजून उडतंय. मग एखाद्या लपणाऱ्या कोपऱ्यात नख दाबा. वळ राहिला तर थांबा. शेवटी त्याच कोपऱ्यात टेपचा नखाएवढा तुकडा लावून ओढून बघा. ही तिसरी चाचणी मी कधीच चुकवत नाही, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.

हेअर ड्रायरबद्दल माझं मत कडवट आहे. गरम झोत जवळून मारला की वरची कातडी आणखी घट्ट होते, आतलं पाणी तिथेच राहतं, आणि जाड थर असेल तर बुडबुडे येतात. वापरायचाच तर गार हवेवर, लांबून. त्यापेक्षा पंखा बरा. घरात एसी असेल तर ड्राय मोडवर त्या खोलीत फळ्या उभ्या करून ठेवा. कपाटात बल्ब लावून ठेवायची जुनी युक्तीही चालते, फक्त बल्ब जुना पिवळा तापणारा हवा, एलईडी तापत नाही. आणि कागद-कापड त्यापासून लांब ठेवा. सगळ्यांत मोठा उपाय मात्र फुकट आहे: थर पातळ द्या. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात लवकर पक्के होतात.

एमडीएफला रंग देण्याआधी दोन्ही बाजू आणि कडा प्रायमरने बंद करा. एकच बाजू रंगवली तर दुसऱ्या बाजूने ओल शोषून फळी वाकते आणि कडा फुगतात. स्टेन्सिल वाकलेल्या फळीवर सपाट बसत नाही, मग रंग खाली शिरतो आणि आपण स्टेन्सिलला शिव्या देतो.

टेप काढायचीही रीत आहे. लावण्याआधी ती एकदा कपड्यावर चिकटवून काढा, जोर कमी होतो. वरचा शेवटचा रंग अर्धवट ओला असतानाच काढा. पूर्ण सुकू दिलात तर रंगाचा पापुद्रा टेपवरून फळीवर पूल बांधतो आणि कड दातेरी फाटते. ओढताना वर उचलू नका, टेप स्वतःवरच मागे दुमडत सावकाश न्या. कड सुरीने कापल्यासारखी हवी असेल तर टेप लावल्यावर कडेवरून आधी खालच्याच रंगाचा किंवा मॅट मीडियमचा (रंगद्रव्य नसलेल्या माध्यमाचा) पातळ हात फिरवा. जे काही आत झिरपायचं ते तेच झिरपतं, फट बुजते, आणि मग वरचा रंग आत जाऊ शकत नाही.

घाबरवते आहे असं वाटेल, पण हे सगळं पंधरवड्यात अंगवळणी पडतं. थर उचकटला तरी फळी वाया जात नाही. कडा सँडपेपरने घासा, प्रायमर द्या, त्या जागी पेस्ट आणि दुसरी स्टेन्सिल. मिक्स्ड मीडियाचा हाच फायदा आहे.

मास्कसाठी दुकानातली महाग फिल्म शोधत बसू नका. गाड्यांवर स्टिकरची नावं लावून देणारा रेडियमवाला तुमचा खरा मित्र. त्याच्याकडे कटिंग प्लॉटर असतो. तुम्ही चित्राची फाइल दिली की तो स्टिकर शीटवर नक्षी कापून देतो. सांगताना एवढं स्पष्ट करा की तुम्हाला आतला आकारही हवा आणि बाहेरची जाळीही. एकाच कापणीत मास्क आणि स्टेन्सिल दोन्ही मिळतात. फुलाच्या आकाराने झाकून भोवती रंग फवारा, मग जाळी लावून त्याच फुलात दुसरा रंग भरा. स्टिकरचा गोंद मात्र टेपपेक्षा जहाल असतो, म्हणजे वर सांगितलेली कोपऱ्यातली चाचणी इथे दुपटीने लागू.

जुन्या एक्स-रे फिल्मचीही उत्तम टिकाऊ स्टेन्सिल होते, तिचा पाया पॉलिएस्टरचा असतो. काळा थर ब्लीचच्या पाण्यात भिजवून निघतो, पण हल्लीच्या छापील फिल्मवर निघेलच असं नाही. ते पाणी विहिरीजवळ ओतू नका, त्यात चांदी असते. जलरंगासाठीचं मास्किंग फ्लुइड म्हणजे अमोनियातलं रबर. ब्रश आधी साबणात बुडवल्याशिवाय त्यात घातला तर ब्रश गेला. हातकागदावर ते लावूच नका, काढताना कागदाचे तंतू बरोबर येतात.

आता नावाच्या पाट्या. इथे इंग्रजी अक्षरांवर शिकलेली माणसं हमखास अडकतात. व, ब, क, प यांच्या पोटातला तुकडा कापताच गळून पडतो, म्हणून पोट बाहेरच्या भागाला जोडणारा एक बारीक पूल ठेवावा लागतो, हे सगळ्यांना सुचतं. शिरोरेखेचं मात्र सुचत नाही. ती सलग कापली की दोन अक्षरांमधल्या प्लॅस्टिकच्या जिभा फक्त खालून धरलेल्या राहतात. ब्रश लागला की उचलतात आणि रंग खाली जातो. म्हणून शिरोरेखा दर अक्षरानंतर तोडा, तिथेही पूल ठेवा आणि छापून झाल्यावर ती जागा बारीक ब्रशने भरा. कापताना आतले छोटे तुकडे आधी, बाहेरची मोठी रेष शेवटी. हात स्थिर ठेवा, प्लॅस्टिक फिरवा. पातं बोथट झालं की लगेच बदला; जोर लावावा लागतो तेव्हाच बोटं कापतात.

टेक्स्चर पेस्टऐवजी वॉल पुट्टी वापरा, हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. लाकडी फळीवर, पातळ थरात, गोंद मिसळून ती चालते. कॅनव्हासवर अजिबात नाही. कॅनव्हास लवचिक, पुट्टी ठिसूळ, गुंडाळलं की तडे. पैसे वाचवायचेच असतील तर ब्रशवर वाचवा, मेकअपचा स्पंज आणि जुनं एटीएम कार्ड यांनी निम्मं काम होतं. पेस्ट ओढली की स्टेन्सिल लगेच पाण्याच्या बादलीत टाका. अ‍ॅक्रिलिक वाळलं असेल तर कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, सपाट ठेवून पुसा. उभी धरून घासली की पूल तुटतात. आणि परमनंट मार्करवर पांढरा अ‍ॅक्रिलिक मारून चूक झाकायला जाऊ नका, मार्करचा रंग वर झिरपतो आणि पांढऱ्यावर डाग उमटतो.

गुरूंबद्दल बोलायला हवं. हंगामात पर्यटकांसाठी दोन तासांची वर्कशॉप होतात. मीही एकीत पैसे भरून बसले होते. फळ्यांना बेस, म्हणजे नक्षीखालचा थर, आधीच देऊन, वाळवून ठेवलेला होता. आम्ही स्टेन्सिल ठेवली, स्पंज फिरवला, फोटो काढले. म्हणजे ज्यात सगळं अडतं ते त्यांनी आमच्या नजरेआड करून ठेवलं होतं. तुम्ही जाणार असाल तर पहिलाच प्रश्न विचारा: बेस आमच्याकडून करून घेणार का? नाही म्हणाले तर ते पैसे रंगाला घाला. याउलट एखादा जुना पाटीवाला पेंटर भेटला तर त्याच्या दुकानात नुसतं बसा. तो फार बोलणार नाही, पण पहिला हात देऊन तो चहाला कधी जातो आणि परत कधी येतो हे बघा.

थर आणि वेळ यांचं नातं बघायचं असेल तर मोरजीच्या मोरजाई देवळातली कावी, म्हणजे भिंतीवरची कोरीव चित्रं, बघून या. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर, आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा पाडलेला. आपण थर सुकायची वाट बघतो, त्यांना तो सुकायच्या आत गाठावा लागायचा. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातली १९३५ सालची आझुलेजोंची, म्हणजे रंगवलेल्या टाइलांची, चित्रंही बघा, पोर्तुगीज चित्रकार जोर्ज कोलासो यांनी केलेली. निळ्या टाइलची तीच ती चौकोनी स्टेन्सिल हल्ली गोव्यातल्या प्रत्येक ट्रेवर दिसते. तिथे मात्र टाइलागणिक नक्षी परत येत नाही, एकेक चित्र अनेक टाइलांवर पसरलंय. ते बघून आल्यापासून मी स्टेन्सिल फळीच्या कडेबाहेर जाऊ देते, अर्धीच छापते, मध्येच सोडते. कामं लगेच वेगळी दिसायला लागतात.

"छापच मारलाय ना?" असं कुणीतरी म्हणणारच. बहुतेक घरातलंच माणूस. त्यांना सांगा, इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर गुहेच्या भिंतीला हात टेकवून भोवती रंग उडवलेला एक ठसा किमान ३९,९०० वर्षांचा असल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. हात हा मास्कच होता. यावर ते गप्प बसतील असं नाही, पण तुम्हाला बरं वाटेल.

पैशांचं थोडक्यात. विकत घेतलेल्या स्टेन्सिलच्या पाकिटावर विक्रीसाठी किती वापर चालतो ते लिहिलेलं असेल तर वाचा. धंदा करायचा असेल तर स्वतःची नक्षी काढून कापलेली बरी. चवथीच्या फळ्यांचे बेस मे महिन्यातच करून ठेवा. ऊन फुकट असतं, आणि कोऱ्या बेसच्या फळ्या सहज टिकतात. ठेवताना मध्ये बटरपेपर घाला, दोन रंगवलेल्या बाजू एकमेकींना लागल्या तर चिकटतात. चवथीच्या आधीच्या आठवड्यात नवीन ऑर्डर घ्यायचीच असेल तर जिला टेप किंवा स्टिकर लागत नाही अशीच नक्षी गिऱ्हाइकाला दाखवा, बाकीचे नमुने आत ठेवून द्या. आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या, मावशीकडूनसुद्धा.