सूर्यावरचे छोटे जेट मोजायला बसण्यापूर्वी

एमएससीच्या प्रकल्पाला किंवा पीएचडीच्या सुरुवातीला सूर्यावरच्या छोट्या जेटचा, म्हणजे उसळणाऱ्या तप्त वायूच्या झोताचा, विषय मिळाला, की बहुतेक जण आधी शोधनिबंध गोळा करत सुटतात. त्याआधी दोन आकडे कागदावर मांडा: तुमच्या दुर्बिणीचा एक पिक्सेल सूर्यावर किती किलोमीटरचा, आणि दोन चित्रांमध्ये किती सेकंदांचं अंतर. तुम्हाला काय म्हणता येईल आणि काय नाही, हे बरंचसं त्यावरूनच ठरतं.

नासाच्या एसडीओ या सूर्यनिरीक्षक यानावरच्या एआयए या दुर्बिणीचा पिक्सेल ०.६ आर्कसेकंदाचा आहे (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). पृथ्वीजवळून पाहताना १ आर्कसेकंद म्हणजे सुमारे ७२५ किमी, म्हणजे पिक्सेल झाला ४३५ किमीचा. चित्र मिळतं दर १२ सेकंदांनी. आता दुसऱ्या प्रकारचा स्पिक्यूल, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागावरून उसळणारा बारीक, झटपट विरणारा झोत बघा: रुंदी दोन-तीनशे किमी, वेग सेकंदाला ५० ते १५० किमी, आयुष्य १० ते १५० सेकंद. एआयएवरून त्याची रुंदी काढलीत तर हाती येते ती दुर्बिणीची मर्यादा, स्पिक्यूलची रुंदी नव्हे. वेगाचंही तसंच. जेट तीनच चित्रांत दिसला आणि दोन्ही टोकांना एकेका पिक्सेलची चूक झाली, तर (दोन्ही चुकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की) २४ सेकंदांत सुमारे ६०० किमीचा घोळ होतो, म्हणजे वेगात सेकंदाला २५ किमीची अनिश्चितता. ती न लिहिता नुसता '१०० किमी' लिहू नका.

माहिती उतरवल्यावर चित्रं एकमेकांवर जुळवा आणि त्यांची उजळता उघडझाप-काळाने (एक्स्पोजरच्या वेळेने) भागा. सूर्याच्या फिरण्यामुळे चकतीच्या मध्यावरची वस्तू तासाला सुमारे १० आर्कसेकंद सरकते, तेही वजा करा. एक गोष्ट हमखास राहून जाते. वैश्विक किरणांचे ठिपके काढणारी एआयएची स्वयंचलित प्रक्रिया कधीकधी खरे, बारीक, क्षणिक लखलखाटही पुसून टाकते. काढलेले पिक्सेल वेगळ्या फाइलमध्ये जपलेले असतात आणि एआयएपाय या पायथॉन पॅकेजमधल्या 'रिस्पाइक' फंक्शनने ते परत बसवता येतात. छोट्या जेटवर काम करणाऱ्याने हे करायलाच हवं, नाहीतर जेटचा पायथाच गायब झालेला असू शकतो.

मग जेटच्या दिशेने तीन ते पाच पिक्सेल रुंदीची पट्टी घ्या, रुंदीभर सरासरी काढा आणि अंतर-काळ आलेख (पट्टीवरचं अंतर विरुद्ध वेळ) करा. तिरक्या रेषेचा उतार म्हणजे वेग. पट्टी जराशी इकडेतिकडे करून उतार पुन्हापुन्हा मोजा. आकडे किती पसरतात ते पाहिल्याशिवाय चूक किती हे कळत नाही. शिवाय हा वेग फक्त आपल्या नजरेला आडवा असलेला. आपल्या दिशेचा वेग हवा तर वर्णपट लागतो: हायड्रोजन-अल्फा रेषेत १ अँगस्ट्रॉमचं (तरंगलांबीचं एकक) सरकणं म्हणजे सेकंदाला सुमारे ४६ किमी, नासाच्या आयरिस या वर्णपट घेणाऱ्या यानाच्या मॅग्नेशियमच्या २७९६ अँगस्ट्रॉम रेषेत सुमारे १०७ किमी. दोन्ही वेग जुळले नाहीत तर लगेच मोजणीला दोष देऊ नका. आयरिसमधल्या नेटवर्क जेटचा (सूर्यावरच्या चुंबकीय जाळ्यातून निघणाऱ्या छोट्या जेटचा) दिसणारा वेग ८० ते २५० किमी आला, पण त्यातला काही भाग पदार्थाचा नसून वर सरकणाऱ्या तापण्याच्या आघाडीचा असू शकतो. या विषयातला हा खरा, जिवंत प्रश्न आहे आणि नवख्याने त्यावर वेळ घालवावा.

दोन यानांची चित्रं शेजारी ठेवताना घड्याळ सांभाळा. सूर्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या कोरोनल होलमधले (प्रभामंडळाच्या अंधाऱ्या भागातले), २०२३ मध्ये जाहीर झालेले पिकोफ्लेअर जेट (अतिशय कमी ऊर्जेचे जेट) युरोपच्या सोलर ऑर्बिटर यानाने ३० मार्च २०२२ रोजी टिपले होते. यान पृथ्वी-सूर्य अंतराच्या एक तृतीयांशावर असेल, तर प्रकाश तिथे पृथ्वीच्या साडेपाच मिनिटं आधी पोहोचतो. जेटचं आयुष्य २० ते १०० सेकंद! यानाच्या घड्याळावरून एआयएचं चित्र शोधलंत, तर तो जेट तिथे सापडणारच नाही. हेडरमधली पृथ्वीसाठी दुरुस्त केलेली वेळ वापरा.

पुण्याच्या आयुकाच्या पुढाकाराने घडलेला, भारताच्या आदित्य-एल१ यानावरचा सूट हा अतिनील दुर्बीणसंच २००० ते ४००० अँगस्ट्रॉममध्ये पूर्ण चकती पाहतो. त्याचा पिक्सेल ०.७ आर्कसेकंदाचा, म्हणजे सुमारे ५०० किमीचा. एकेकटा स्पिक्यूल सोडवण्यासाठी तो नाही. मोठे जेट आणि त्यांच्या पायथ्याचं उजळणं पाहायचं असेल, तर मात्र त्याची माहिती आयरिस आणि एआयएसोबत नक्की लावा.