बंदरावर इंजिनकामाला लागताय? आधी लंगडा पाय शोधा

फिटरचा आयटीआय करून मिरकरवाडा किंवा हर्णैसारख्या मासेमारी बंदरात होड्यांच्या इंजिनकामाला आलात, तर शिम ठाऊक असणारच: इंजिनाचा पाय आणि बेड यांच्यामध्ये सरकवायची मापाची पातळ पत्री. मिस्त्री तिला पॅकिंग म्हणतील. कळलं ना, मग पुढे.

मला अजूनही घाम फोडतो तो लंगडा पाय. चार पायांतला एखादा बेडवर नीट टेकतच नाही, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. बोल्ट आवळला की तो खाली ओढला जातो, इंजिन पिळवटतं, आणि मग कपलिंगचं, म्हणजे इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट जोडणाऱ्या सांध्याचं, रीडिंग दर खेपेला वेगळं. म्हणून शाफ्टला हात लावण्याआधी चारही बोल्ट आवळा. एका पायावर डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं गेज) लावा, फक्त त्याच पायाचा बोल्ट सोडा. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला, तर खाली फट आहे. फीलर गेजने (फटीत सरकवायच्या मापाच्या पात्यांनी) त्या पायाच्या चारही कोपऱ्यांत मोजा, टिपून ठेवा, बोल्ट पुन्हा आवळा, मगच पुढचा पाय. शिम लगेच घालू नका! डुगडुगणाऱ्या चौरंगासारखे तिरक्यातले दोन्ही पाय दोषी दिसतात. दोन्हींखाली पूर्ण भरलंत, तर डुगडुग दुसऱ्या जोडीकडे जाते. फट एकाच कडेला असेल, तर पायच वाकडा आहे, तिथे सपाट शिम कुचकामी.

पहिल्यांदा अख्खा दिवस यातच जातो. जाऊ द्या, सगळ्यांचा जातो.

डब्याचा पत्रा कापून सारणारे उस्ताद भेटतील. हात सोन्याचा असेल त्यांचा, पण ही खोड उचलू नका. खाऱ्या हवेत साधा पत्रा गंजून फुगतो आणि केलेली मेहनत पाण्यात. स्टेनलेसचीच घ्या, कडेची बर (कापताना उरलेली खरखरीत धार) काढा, एका पायाखाली तीन-चारपेक्षा जास्त नकोत. दहा पातळ पत्र्यांची चळत स्प्रिंगसारखी दबते. ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्यालाही डायल लावायला लावा. राग येईल, येऊ द्या.

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होडी किनाऱ्यावर टेकूंवर असते. तिथलं अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं, कच्चंच समजा. लाकडी होडी पाण्यात उतरली की अंग बदलते. एक-दोन दिवस तरंगू द्या, मग कपलिंग सोडून पुन्हा मोजा. कपलिंगच्या समोरासमोरच्या चकत्या म्हणजे फ्लँज; चार इंची फ्लँजला त्यांच्यामधल्या फटीत ०.१ मिमीपर्यंतचा फरक चालतो. तांडेल (होडीचा प्रमुख) डिझेल-बर्फ भरायची घाई करील. करू दे, शेवटचं रीडिंग भरल्या होडीतच घ्यायचं असतं.