रेडिओग्राफीचं कॉलेज निवडताना आधी हॉस्पिटल बघा

बारावी सायन्सनंतर रेडिओग्राफीकडे, म्हणजे एक्स-रे, सीटीसारख्या तपासण्या करायच्या कामाकडे, वळणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात: फी किती, हॉस्टेल आहे का, नोकरी लावून देतात का. मी याच कामात आहे आणि शिकून आलेली नवी मुलं आमच्या विभागात रुजू होताना बघते. कोण नीट शिकून आलंय हे पहिल्या काही दिवसांतच कळतं. त्यात कॉलेजच्या नावाचा वाटा थोडा असतो. मुलं कुठल्या हॉस्पिटलात शिकली, यावर बरंचसं ठरतं.

पुस्तकातला छातीचा एक्स-रे सोपा असतो. पेशंट स्टँडला उभा, एक्स-रे सोडणारी ट्यूब १८० सेंटिमीटरवर, हनुवटी वर. खांदे पुढे घ्यायला लावायचे, म्हणजे पाठीची पाती फुफ्फुसांवरून बाजूला होतात. श्वास घ्या, रोखून धरा. पण कॅज्युअल्टीत खुब्याचं हाड मोडलेल्या आजी येतात. त्यांचा पाय जरा हलला तरी त्या कळवळतात, आणि डॉक्टरांना बाजूचा व्ह्यू हवाच असतो. अशा वेळी दुखरा पाय आहे तसाच ठेवायचा, चांगला पाय वर उचलून आधारावर टेकवायचा आणि ट्यूब आडवी लावायची. हे सगळं आजींशी बोलत, पहिल्याच एक्स्पोजरमध्ये, म्हणजे एक्स-रे एकदाच सोडून, जमवायचं, कारण फिल्म परत काढायची म्हणजे त्यांना परत तेवढंच रेडिएशन. हे नुसतं बघून येत नाही. सीनियर शेजारी उभे असताना स्वतः केलं, तरच येतं.

म्हणून कॉलेजला जोडलेलं हॉस्पिटल कुठलं, तिथे रात्रीची कॅज्युअल्टी चालते का, आयसीयूत पोर्टेबल एक्स-रेला विद्यार्थ्यांना नेतात का, हे आधी विचारा. मुंबईचं केईएम किंवा पुण्याचं ससून अशा ठिकाणी गर्दी प्रचंड असते आणि सीनियरना समजावून सांगायला वेळ कमी मिळतो, हे खरं. तरीही रिकाम्या, चकचकीत विभागापेक्षा मी गर्दीच निवडेन. माहितीपत्रकात सीटी आणि एमआरआयचे फोटो असतील, तर ती मशीन हॉस्पिटलची स्वतःची आहेत की बाहेरच्या सेंटरची, याची चौकशी करा. बाहेरच्या सेंटरवर विद्यार्थी पुष्कळदा काचेमागे बसूनच राहतात. शक्य असेल तर सकाळच्या ओपीडीच्या वेळी तिथे जा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. एक्स्पोजर तुम्ही लावता की सीनियर, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

कोर्सच्या कालावधीबाबत उलटीकडून सुरुवात करा. हवी असलेली नोकरी कोणती ते ठरवा, तिच्या भरतीची जुनी जाहिरात शोधा आणि त्यातली पात्रता वाचा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या निकषांनुसार एक्स-रे टेक्नॉलॉजिस्टला बारावी सायन्सनंतर किमान एक वर्षाचा, प्रत्यक्ष प्रशिक्षणासह मान्यताप्राप्त कोर्स लागतो. रेल्वेच्या रेडिओग्राफर भरतीत दोन वर्षांचा डिप्लोमा मागितलेला आहे. त्यामुळे सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटसाठी घरच्यांचे पैसे घालू नका. मान्यता कुणाची आहे तेही लेखी मागा. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न असल्याचं कॉलेज सांगत असेल, तर विद्यापीठाकडे खात्री करून घ्या.

‘सोनोग्राफी टेक्निशियन व्हा’ अशी जाहिरात दिसली, तर तिथून लांब राहा. आपल्याकडे सोनोग्राफी डॉक्टर करतात. १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याखाली ती कुणी करायची आणि मशीनची नोंदणी कशी असायची, हे सगळं बांधलेलं आहे. मुलींचे जीव वाचावेत म्हणून झालेला हा कायदा आहे. तो बाजूला ठेवून कोर्स विकणाऱ्यांकडे शिकू नये, असं मला मनापासून वाटतं.

शेवटची चौकशी तुमच्या स्वतःच्या जिवाची. विद्यार्थ्यांना टीएलडी बॅज मिळतो का? शरीरावर किती रेडिएशन पडलं ते हा बॅज मोजतो. तो छातीवर, लेड ॲप्रनच्या (रेडिएशन अडवणाऱ्या शिशाच्या ॲप्रनच्या) आत लावतात आणि साधारण दर तीन महिन्यांनी तपासणीला पाठवतात. कामगारांसाठी वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक) ही मर्यादा आहे. नीट काम केलं तर एक्स-रे विभागात आपण तिच्या खूप खाली राहतो, पण मोजलंच नाही तर कळणार कसं? आणखी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा: रडणारं मूल धरायला तिथे कोण उभं राहतं? खरं तर नातेवाइकांना ॲप्रन घालून उभं करायला हवं. रोज विद्यार्थ्यांनाच पुढे करत असतील, तर त्या विभागात प्रवेश घेऊ नका, फी कितीही कमी असली तरी.