व्हॉट्सॲपसाठी मराठी स्टिकर: वाक्यं, अक्षरं आणि १०० केबीचं गणित

घरच्या ग्रुपवर जे स्टिकर वर्षानुवर्षं चालतात, त्यांत विनोद फारसा नसतोच. ‘पोचलो’, ‘बघू’, ‘आज नको’, ‘आलोच पाच मिनिटांत’ अशी रोज टाइप करायचा कंटाळा येणारी उत्तरं असतात, आणि त्यामागे एखादा ओळखीचा चेहरा. हसू येतं ते त्या जोडीचं. म्हणून स्टिकर करायला बसलात की आधी फोटो शोधू नका. ग्रुपवरचे जुने मेसेज चाळा आणि पुन्हा पुन्हा येणारी वाक्यं कागदावर उतरवा. दहा-बारा जमली की एका पॅकपुरती, म्हणजे स्टिकरांच्या एका संचापुरती, झाली.

वाक्य निवडताना

दोन ते तीन शब्द, बोलतो तसेच. ‘झालं’ लिहा, ‘झाले’ नको. विदर्भातल्या ग्रुपला ‘काहून?’ आणि मालवणकडच्यांना ‘खंय?’ जसंच्या तसं ठेवा. प्रमाण मराठीत आणलं की त्यातली गंमत जाते.

मराठी स्टिकर सगळ्यात जास्त अडतो तो लिंग-वचनावर. ‘निघालो’ हा स्टिकर बायकांना पाठवता येत नाही, ‘जेवलास का?’ आत्याला पाठवता येत नाही. पॅक सगळ्या घरासाठी असेल तर वाक्य असं फिरवा की पाठवणारा कोण आणि ऐकणारा कोण याचा प्रश्नच येऊ नये: ‘वाटेत आहे’, ‘जेवण झालं?’, ‘पाच मिनिटं!’, ‘पत्ता पाठवा’. जिथे फिरवता येत नाही तिथे सरळ दोन स्टिकर करा, ‘दमलो’ आणि ‘दमले’. एकच केला तर अर्धा ग्रुप तो वापरत नाही आणि आपल्याला वाटतं स्टिकर जमला नाही.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे अवग्रह, स्वर लांबवणारा ‘ऽ’. ‘हो’, ‘हो का?’, ‘हो ना!’ आणि ‘होऽऽ’ हे चार वेगळे स्टिकर आहेत. पहिला होकार, दुसरा टोमणा, तिसरा दुजोरा, चौथा ‘ऐकलं, आता पुरे’. ‘ऽ’ हे चिन्ह मराठी कीबोर्डवर सहसा चिन्हांच्या पानावर किंवा एखादी कळ दाबून धरल्यावर मिळतं. त्याऐवजी ‘होओओ’ लिहिलं तर स्टिकरच्या आकारात ते वाचवतही नाही.

सिनेमातले संवाद आणि नटांचे चेहरे टाळा. ते स्टिकर आधीच सगळ्यांकडे असतात, शिवाय हक्क दुसऱ्याचे.

अक्षरं तुटतात ती कशामुळे

स्टिकर बिघडतो तो बहुतेक इथेच. देवनागरीत ऱ्हस्व इकार टाइप होतो व्यंजनानंतर, पण दिसायला हवा व्यंजनाच्या आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. ही जुळवाजुळव करायची सोय ॲपमध्ये नसेल तर वेलांटी चुकीच्या बाजूला पडते आणि ‘त्या’मधला हलन्त उघडा दिसतो. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, ॲप बदलावं लागतं. नवं ॲप घेतल्यावर त्यात आधी ‘किर्तीच्या दुसऱ्या ॲपवर’ हे वाक्य टाकून बघा. (कीर्तीचा ‘की’ दीर्घ हे ठाऊक आहे, पण इथे ऱ्हस्व वेलांटीच तपासायची आहे.) वेलांटी, रफार, जोडाक्षर, ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ अशी पाचही संकटं या एका वाक्यात आहेत. ते नीट उमटलं तर बाकी काळजी नाही.

संगणकावर इंकस्केप आणि गिंप हे चित्रं करायचे दोन्ही प्रोग्राम फुकट आहेत आणि देवनागरी नीट मांडतात. फोटोशॉपमध्ये अक्षरं तुटली तर भाषेच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा. डीटीपीवाल्या जुन्या फाइलमधून मजकूर उचलला आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी आली, तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांत, नाही. नव्यानं टाइप करणं हाच जवळचा रस्ता.

‘ऱ्या’ टाइप करताना खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्या, मग हलन्त, मग ‘य’. साधा ‘र’ घेतला तर ‘दुसर्या’ होतं, रफार ‘य’वर जातो आणि शब्द वाचताना माणूस अडखळतो. ‘ॲ’च्या जागी चौकोन किंवा ठिपक्यांचं वर्तुळ आलं तर फॉन्ट जुना आहे, हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नाही.

फॉन्ट जाड हवा. ‘बालू २’ आणि ‘मुक्ता’ हे दोन्ही एक टाइप या संस्थेचे, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि दोन्हींत ८०० वजनाचा (वजन म्हणजे अक्षराची जाडी) ठसठशीत प्रकार आहे. गोलसर आणि गमतीदार मजकुराला बालू, आज्ञार्थी किंवा चिडक्या मजकुराला मुक्ता. मुंबई लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला ‘यात्रा वन’ही ‘उशीर होतोय’छाप स्टिकरांना शोभतो. बारीक, कोरीव फॉन्ट पडद्यावर छान दिसतात आणि स्टिकरमध्ये दिसेनासे होतात. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आले तर तो तुमचा भास नाही. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे ॲपनं सांगितल्याशिवाय मराठी रूप येत नाही, आणि फोनवरची बहुतेक ॲप ते सांगत नाहीत. इतकं खटकत असेल तर ‘टिरो देवनागरी मराठी’ आहे, फक्त तो बारीक असल्यामुळे आकार बराच वाढवावा लागतो.

तीन गोष्टी देवनागरीला मुळीच सोसत नाहीत. अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषेला फटी पडतात. वक्र मजकुराचं बटण बऱ्याच ॲपमध्ये प्रत्येक चिन्ह सुटं करून वळवतं, त्यामुळे मात्रा भलतीकडे जातात. वळवायचंच असेल तर इंकस्केपमध्ये मजकुराचा आधी पाथ (अक्षरांऐवजी नुसती आकृती) करून घ्या आणि मग वाकवा. तिसरी गोष्ट म्हणजे कडा. अक्षराला बाहेरून जाड पांढरी कड दिली की जिथे एक अक्षर दुसऱ्याच्या शिरोरेषेवर चढतं तिथे कड आत घुसते आणि शब्दभर उभ्या पांढऱ्या रेघा दिसतात. उपाय असा: मजकुराच्या थराची (लेयरची) आणखी एक प्रत करा, खालच्या थराला जाड कड द्या, वरचा बिनकडेचा ठेवा. दोन्ही अचूक एकावर एक आले की रेघा झाकल्या जातात.

दोन ओळी असतील तर ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.२ ते १.३ पट ठेवा. इंग्रजीच्या सवयीनं ओळी घट्ट बसवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. ‘तुझ्यामुळेच’ खाली ‘मैत्री’ ठेवून बघा, लगेच कळेल.

फोटो आणि कापणी

साध्या भिंतीपुढे, खिडकीच्या उजेडात, छातीपासून वर असा फोटो काढा. आपोआप पार्श्वभूमी कापणारं साधन केस, गजरा, चष्म्याची दांडी आणि हातातला चहाचा कप इथे फसतं. काळे केस आणि गडद पडदा असेल तर अर्धं डोकं जातंच. कापून झाल्यावर चित्र मोठं करून कडा बघा आणि गेलेला भाग हातानं परत आणा.

कॅनव्हास ५१२ × ५१२ पिक्सेलचा, पार्श्वभूमी पारदर्शक. चारही बाजूंना १६ पिक्सेल मोकळे सोडा. आकृतीभोवती ८ पिक्सेलची पांढरी कड द्या. ही कड सजावट नाही: काहींच्या फोनवर चॅट उजळ असते, काहींच्या काळी. काळे केस डार्क मोडमध्ये आणि पांढरा सदरा उजळ मोडमध्ये हरवतो. मजकुरालाही तेच लागू, म्हणून गडद अक्षर आणि त्याभोवती पांढरी कड ही जोडी दोन्हीकडे चालते. अक्षराची उंची ७० पिक्सेलच्या खाली जाऊ देऊ नका. स्टिकर चॅटमध्ये पडद्याच्या जेमतेम अर्ध्या रुंदीचा दिसतो आणि तो वाचणाऱ्यांमध्ये आजीही आहे.

वजन

स्थिर स्टिकर वेबपी या चित्रप्रकाराच्या फाइलमध्ये आणि १०० केबीच्या आत हवा. फोटो असलेला स्टिकर पीएनजीमध्ये सहज ३०० केबीवर जातो, म्हणून घाबरू नका. ब्राउझरमध्ये स्क्वूश हे चित्राची फाइल लहान करणारं संकेतस्थळ उघडा, वेबपी निवडा आणि दर्जा ७५ वर आणा. बहुतेक वेळा फाइल मर्यादेच्या बऱ्याच आत येते. ‘लॉसलेस’चा (चित्रातलं काहीच न गाळण्याचा) पर्याय चालू राहिला असेल तर फाइल फारशी उतरत नाही, आणि बरेच जण इथेच तासभर घालवतात.

संगणकावरून फोनवर फाइल नेताना ती फोटो म्हणून पाठवू नका. फोटो पाठवला की त्याचं जेपीजी होतं, जेपीजीत पारदर्शकता नसते, आणि स्टिकर पांढऱ्या किंवा काळ्या चौकोनात येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पॅक

एकटा-दुकटा स्टिकर हवा असेल तर यातलं बरंचसं वगळता येतं. व्हॉट्सॲपच्याच स्टिकर विभागात ‘तयार करा’वर जा, फोटो निवडा, कापणी तपासा, मजकूर टाका, पाठवा. फॉन्टवर मात्र तिथे आपला फारसा ताबा नसतो, त्यामुळे मजकुरासकट तयार केलेला पीएनजी तिथे उचलणं उत्तम. तेव्हा आपोआप कापणीनं अक्षरंच उडवली नाहीत ना, एवढं बघा.

वेगळ्या ॲपमधून पूर्ण पॅक करताना किमान ३ आणि कमाल ३० स्टिकर लागतात. शिवाय स्टिकर विभागाच्या पट्टीवर पॅकची खूण म्हणून दिसणारं छोटं चित्र, ९६ × ९६ पिक्सेल आणि ५० केबीच्या आत. त्यात मजकूर टाकू नका, नुसता चेहरा पुरे. स्थिर आणि हलते स्टिकर एका पॅकमध्ये चालत नाहीत. पॅक ‘जोडता आला नाही’ असं आलं तर कारण बहुधा या आकड्यांपैकीच एक असतं. एक स्टिकर ५१२ × ५११ झाला तरी अख्खा पॅक नाकारला जातो.

हलत्या स्टिकरला ५०० केबी आणि १० सेकंदांची मर्यादा आहे, पण दहा सेकंद कोणी बघत नाही. २ सेकंद, सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे २४ चित्रं. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २० केबी येतात. यावरून किती बारकावे परवडतील ते ठरवा. मान हलवणं, भुवई उडवणं, हात जोडणं इतकंच. मजकूर स्थिर आणि पहिल्या चित्रापासून दिसणारा हवा. जीआयएफवरून वेबपी केलं तर कडा करवतीसारख्या दिसतात, कारण जीआयएफमध्ये पिक्सेल एक तर पूर्ण पारदर्शक असतो नाही तर मुळीच नाही. पीएनजीच्या मालिकेवरून करा.

चेहऱ्याबद्दल

स्टिकर एकदा गेला की दुसऱ्यांच्या संग्रहात राहतो. आपण मेसेज पुसला तरी तिथला पुसला जात नाही. म्हणून ज्याचा चेहरा आहे त्याला आधी खासगीत पाठवा, तेही मजकुरासकट. काकांना फोटोची हरकत नसते, पण त्याखालच्या ‘पैसे कधी देतोस?’ची असू शकते. लहान मुलांचे रडके फोटो, आजारपणातले फोटो आणि सोसायटीतल्या वॉचमनपासून शिक्षकांपर्यंत ज्यांना आपण विचारलेलं नाही असे कोणीही, हे पॅकमध्ये नकोत. कोणी मागाहून नको म्हणालं तर तेवढा स्टिकर काढून पॅक पुन्हा पाठवा आणि ग्रुपवर जुना पॅक काढायला सांगा. आधीच आवडत्यांत साठवलेला स्टिकर ज्यानं-त्यानं स्वतः काढावा लागतो.