एक लिटर रक्त गेलं तर? होमिओस्टॅसिस (शरीराची आतली स्थिती स्थिर राखणं) शिकणाऱ्या मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी

वर्गात हृदय, मूत्रपिंड, एंडोक्राइन (हार्मोन) वेगवेगळे शिकवतात आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) प्रश्न येतो सगळ्यांचा मिळून: 70 किलोच्या माणसाचं 5 पैकी 1 लिटर रक्त गेलं, आता काय होईल?

बहुतेकांचं पहिलंच वाक्य चुकतं: 'बीपी पडलं म्हणून बॅरोरिसेप्टर उत्तेजित झाले.' नाही, उलट ते थंडावले. बॅरोरिसेप्टर म्हणजे धमनीच्या भिंतीतले संवेदक, ते भिंतीचा ताण मोजतात. कॅरोटिड सायनसमधून (मानेतल्या धमनीचा फुगीर भाग) नवव्या आणि महाधमनीच्या कमानीतून दहाव्या क्रेनियल नर्व्हने (मेंदूच्या नसेने) मेडुलाकडे, म्हणजे मेंदूच्या बुंध्याकडे, संदेश जातात. हे संदेश निरोगी, स्वस्थ बसलेल्या माणसातही सतत चालू असतात आणि सिम्पथेटिकला (हृदयाचा वेग वाढवणाऱ्या, रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या नसांना) दाबून ठेवतात. दाब घटला की ताण घटतो, ताण घटला की संदेश घटतात, आणि दाबून ठेवणारंच कोणी न उरल्याने सिम्पथेटिक जोर धरते. पडताळा हवा? कॅरोटिड सायनसवर बाहेरून दाब दिला की पल्स मंदावते. मात्र हा प्रयोग मित्राच्या मानेवर करू नका, शुद्ध हरपू शकते.

एवढं पक्कं झालं की बाकीचं घाबरण्यासारखं नाही, फक्त घड्याळ लावून वाचा. काही सेकंदांत पल्स वाढते, त्वचेच्या आणि आतड्यांच्या रक्तवाहिन्या आकसतात, हात गार पडतात, शिरा आवळून रक्त हृदयाकडे ढकलतात. काही मिनिटांत रेनिन, अँजिओटेन्सिन, एडीएच (पाणी राखायला आणि वाहिन्या आकसायला लावणारी रसायनं) वाढतात आणि लघवी घटते. पुढच्या काही तासांत पेशींभोवतालचं पाणी केशवाहिन्यांत (सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांत) ओढलं जातं. यकृत काही दिवसांत अल्ब्युमिन (रक्तात पाणी धरून ठेवणारं प्रथिन) भरून काढतं. लाल पेशी मात्र मूत्रपिंडाच्या एरिथ्रोपोएटिनवर (लाल पेशी बनवायला लावणाऱ्या हार्मोनवर) भरून येतात, आठवड्यांच्या हिशेबाने.

म्हणून अर्ध्या तासात तपासलेलं हिमोग्लोबिन नॉर्मल आलं तरी निर्धास्त होऊ नका: पेशी आणि प्लाझ्मा (रक्ताचा द्रव भाग) एकाच प्रमाणात गेलेत, पाणी अजून आत यायचंय. वरचं बीपीही 20 टक्के रक्त जाईपर्यंत बऱ्याचदा टिकतं. आधी 100 च्या वर गेलेली पल्स दिसते, आणि वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतर कमी होतं.

सिनिअरच्या नोट्समधले बाणांचे तक्ते पाठ करण्याच्या मी विरोधात आहे. प्रश्न उलटा आला की ते निकामी होतात. प्रत्येक बाणाला 'का?' विचारून हैराण करणारे सर मिळाले तर त्यांना सोडू नका. आणि आजच कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून, हीच साखळी उलटी लिहून पाहा: एक लिटर सलाइन भराभर चढवलं तर?