सोलापुरातून गुलमर्गला: फ्रीराइड स्की घेताना या चुका टाळा

फ्रीराइड म्हणजे तयार केलेल्या उतारांबाहेर, नैसर्गिक बर्फावर स्कीइंग. त्यासाठी वर्षाकाठी आठवडाभर बर्फावर जाणाऱ्या सोलापूरकराने आधी बूट विकत घ्यावेत. स्की पहिले एक-दोन हंगाम भाड्याने चालतात. होतं नेमकं उलट. व्हिडिओत कुणीतरी कमरेइतक्या पावडरमधून (ताज्या, भुसभुशीत बर्फातून) तरंगत येतं आणि इकडे ११५ मिमी रुंदीची स्की मागवली जाते. बूट मात्र भाड्याचे, तेही एक नंबर मोठे. मग टाच आतल्या आत उचलली जाते, पायाची हालचाल स्कीपर्यंत पोचत नाही आणि खापर फुटतं स्कीवर. बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटीमीटरमधली लांबी. उभं राहून मोजा. पाऊल २६ सेमी असेल तर फार तर २६.५ घ्या. बकल लावून गुडघे वाकवल्यावर अंगठा पुढच्या भिंतीपासून सुटला पाहिजे, पण टाच जागची हलता कामा नये.

आता रुंदी. हे माप बुटाखाली, स्की सर्वांत अरुंद असते तिथे घेतात. ऑफ-पिस्टला, म्हणजे तयार केलेल्या उतारांबाहेर, नुकती सुरुवात केलेल्यांना ९५ ते १०२ मिमी पुरते. गुलमर्गचा गोंडोला (रोपवे) अफरवाट डोंगरावर जवळपास ४,००० मीटरपर्यंत नेतो आणि तिथला उतार यंत्राने सपाट केलेला नसतो. ताजा बर्फ असताना ११५ची स्की मजा देते. पण दोन-चार दिवस बर्फ पडला नाही की सगळा उतार उखणलेला आणि कडक होतो. एवढी रुंद स्की एका कडेवरून दुसरीवर न्यायला वेळ लागतो, जोर गुडघ्यांवर येतो. याउलट ८५च्या आतली स्की मऊ बर्फात बुडते.

हनुवटीएवढी स्की वळायला सोपी म्हणून घेतात, तीही चूकच. फ्रीराइड स्कीचं पुढचं टोक आधीच वर उचललेलं, म्हणजे रॉकर असतं; त्यामुळे कडक बर्फावर ती आहे त्यापेक्षा आखूड वागते. उंची १७० सेमी आणि वजन ७० किलोच्या आसपास असेल तर १६४ ते १७२ सेमी बघा. बुटाखाली कँबरची कमान हवीच, नाहीतर कडक बर्फावर पकड मिळत नाही. वळणाची त्रिज्या १६ ते १९ मीटर बरी. टायटॅनलचे (कडक अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे) दोन अखंड थर असलेली स्की सध्या नको. वेग नसेल तर ती वाकतच नाही.

बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या बाइंडिंगमध्ये घाई नको. ९८ मिमीच्या स्कीला १०० ते ११० मिमीचा ब्रेक (बूट सुटल्यावर स्की थांबवणारे दांडे) लागतो. ८५चा कडांवर अडकतो, १३०चा बाहेर लोंबतो आणि बर्फात घासतो. डिन आकडा, म्हणजे किती जोर आल्यावर बाइंडिंगने बूट सोडायचा ते ठरवणारा आकडा, मित्राचं बघून ठेवू नका. तो वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी यांवरून ठरतो. ही लांबी बहुधा बुटाच्या टाचेजवळ कोरलेली असते. जास्त ठेवला तर पडल्यावर बूट सुटत नाही आणि गुडघा जातो. कमी ठेवला तर भर वळणात सुटतो. बूट बदलले की पुन्हा तपासणी. ग्रिपवॉक तळ (चालायला सोपा, रबरी पकडीचा) जुन्या अल्पाइन बाइंडिंगमध्ये बसला म्हणून तो नीट सुटेलच असं नाही.

पावडरमध्ये टोक बुडतंय? मागे रेलू नका. मांड्या पेटतात आणि स्की वळेनाशी होते. वेग थोडा वाढवा, दोन्ही पायांवर सारखं वजन द्या. तरीही बुडत असेल तर बाइंडिंग शिफारस केलेल्या खुणेच्या पुढे बसवलंय का ते पाहा. टोक वळणात अचानक अडकत असेल, तर टोकाजवळच्या कडांची धार गमी स्टोनने (घासायच्या रबरी ठोकळ्याने) हलकीच मोडा. दुपारच्या ओल्या बर्फात स्की चिकटत असेल तर तिला उबदार हवामानासाठीचं वॅक्स हवं.

आणि रुंद स्की हिमस्खलनापासून वाचवत नाही. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारं सिग्नल यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि वाट माहीत असलेला गाइड यांच्याशिवाय गोंडोलाच्या वरच्या टप्प्यावरून बाहेर पडू नये.

बाइंडिंगसकट स्की सहा किलो, बूट आणखी चार. विमानाच्या १५ किलोंत उरतं काय, याचा हिशेब तिकिटाआधी करा. स्कीभोवती सोलापुरी चादर गुंडाळली तर प्रवासात उत्तम, पण घरी आल्यावर ती लगेच सोडा. दमट चादरीत दोन दिवसांत कडांवर गंज धरतो. कडा पुसा, तळाला वॅक्सचा जाड थर द्या आणि तो न खरवडता तसाच राहू द्या. पत्र्याखालचा माळा मात्र टाळा: एप्रिल-मेच्या ४२-४४ अंशांत तिथे याहूनही जास्त तापतं. खालच्या खोलीत, पलंगाखाली ठेवा.